ह्यांची आज एकसष्ट

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला आणि पलीकडून रोजच्यासारखा आकडा आला.

“ह्यांची आज एकसष्ट.”

आहारतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं. सोमवारी ब्याण्णव, मंगळवारी एक्क्याऐंशी, काल बहात्तर. उपाशीपोटीची साखर एकेक पायरी उतरत चालली होती. सत्तरच्या खाली माणूस घामाघूम होतो, असंबद्ध बोलतो, आणि वेळेवर गोड मिळालं नाही तर पडला तिथून उठत नाही.

“काल रात्री काय खाल्लं?”

“तुमच्या तक्त्याप्रमाणे. आधी काकडी शंभर ग्रॅम, मग मसूर दीडशे, शेवटी भात साठ. शिजलेला. वाटीचं वजन वजा करून.”

“आणि गोळी?”

“वेळेवर. टाइमकीपरचं घर आहे हे, मॅडम!”

बाईंनी आधी काहीतरी गोड द्यायला सांगितलं. घरात गोड काही नाही, असं उत्तर आलं. “मीच येते,” म्हणून त्यांनी पर्स उचलली.

अकरा महिन्यांपूर्वी हे जोडपं एकदाच दवाखान्यात आलं होतं. नवरा बस डेपोत टाइमकीपर. बोलत होती ती बायको. “ह्यांना साखर आहे हो,” असं तिने एखाद्याला नोकरी आहे म्हणावं तसं सांगितलं होतं. नवऱ्याचं नाव ती घेत नसे आणि आजाराला दुसरं नाव देत नसे. पुढे तो काही आला नाही. तिचा फोन मात्र एक दिवस चुकला नाही.

येईल त्याला स्वयंपाकघरात वजनकाटा घ्यायला लावतात म्हणून दवाखान्यात बाईंना सगळे ‘काटेबाई’ म्हणत. रोज चाळीस माणसं बघून त्यांना चेहरे आठवत नसत, वजनं आठवत. टाइमकीपर म्हणजे चौऱ्याण्णव किलो.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. ओटा लख्ख, काट्याशेजारी घड्याळ, फ्रिजवर बाईंच्याच अक्षरातला तक्ता, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावलेला. एवढं काटेकोर स्वयंपाकघर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांना जरा अभिमानच वाटला.

“हे आत आहेत,” म्हणत बायकोने आतल्या खोलीची कडी काढली. “मांजर शिरतं, म्हणून लावते.”

तो खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. शर्टाचे खांदे कोपराकडे उतरले होते, पँट घोट्याशी दोनदा दुमडलेली, सपाता पावलांपुढे चार बोटं उरलेल्या. फार तर पंचावन्न किलो. एवढं वजन उतरायला नको होतं. प्रथिनं कमी पडली, आपण मोजायला चुकलो, असं बाईंच्या मनात आलं.

त्यांनी त्याचा हात हातात घेतला. थंड, ओला. दहाही बोटांची टोकं टोचून टोचून चाळणी झाली होती. साखर मोजायच्या यंत्राने आकडा दाखवला: अठ्ठावन्न.

बाईंनी पर्समधली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पेला त्याच्या ओठांशी नेला. त्याने मान मागे घेतली. आधी बायकोकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून तो म्हणाला,

“मला साखर नाही.”

बायको हसली. “बघा! मरतील पण पथ्य मोडणार नाहीत. प्या हो, मॅडमच देताहेत.”

बाईंनाही हसू आलं. असा पेशंट नशिबानेच मिळतो. “आजच्या दिवस साखर आहे तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “मी परवानगी देते.”

त्याने डोळे मिटले आणि पेला रिकामा केला. पंधरा मिनिटांनी आकडा ब्याऐंशी झाला. बाईंनी डॉक्टरांना फोन लावला, गोळी बंद करून घेतली, भात साठचा एकशेवीस केला, त्यात दही आणि दोन अंडी घातली.

“आणि उद्या सकाळी ह्यांना दवाखान्यात आणायचंच.”

“हे बाहेर जात नाहीत.”

“नाही आलात तर मी अँब्युलन्स घेऊन येईन.”

“बरं,” ती म्हणाली. बाई जिना उतरू लागल्या तेव्हा वर कडी सरकल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता बाईंच्या खोलीत पहिला पेशंट लंगडत आला. थोराड माणूस, पायाला पट्टी. सवयीने त्यांनी त्याला काट्यावर उभं केलं. सत्त्याण्णव.

“जखम भरत नाहीये,” तो म्हणाला. “शुगर तीनशे चाळीस निघाली. माझंच चुकलं, तुमचं ऐकलं नाही. आणि हो, कार्डावरचा पत्ता तेवढा बदलून द्या.”

बाईंनी कार्ड उघडलं. पत्ता कालच्याच तिसऱ्या मजल्यावरचा होता.

“ते घर सोडून मला अकरा महिने झाले,” तो सांगत होता. “तुम्ही तक्ता दिलात, त्याच्या दुसऱ्याच दिवशी निघालो. म्हटलं, आधीच ही बाई मिनिटं मोजते, आता घासही मोजणार. डेपोतली नोकरीसुद्धा सोडली.”

“मग त्या घरात आता कोण असतं?”

“कोण असणार? एकटीच असते.”

आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“ह्यांची आज एकोणपन्नास.”

“गोळी बंद केली होती ना?” बाईंचा आवाज चिरकला. “ह्यांची म्हणजे कोणाची?”

पलीकडे घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

“जे आहेत त्यांची,” ती म्हणाली.

तिच्या मागे कोणीतरी कालचेच तीन शब्द म्हणालं, कालच्याहून हळू. मग फोन ठेवला गेला. अँब्युलन्स पोचली तेव्हा घर उघडं आणि सुनं होतं, आतल्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती, खुर्ची रिकामी होती, आणि फ्रिजच्या दारावर चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते.