पोस्टरवरची नीमा

टांझानियातल्या खेड्यापाड्यांतल्या लुथरन पंथाच्या ख्रिस्ती मंडळ्यांना भेटून आलेल्या पथकाचं कौतुक ब्रिस्बेनजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये चाललं होतं. पथकाबरोबर नर्स म्हणून गेलेली सुहासिनी साळवे मागे उभी होती. पडद्यावर तिथल्या एका खेड्यातल्या छोट्या नीमाचा फोटो आला. अंगात फाटका झगा, गालांवर ओघळलेलं पाणी. लोक डोळे पुसू लागले.

"ही भूक बघवत नाही," पथकाचा प्रमुख ग्रेग म्हणाला. "मुलांच्या मदतीसाठी हाच फोटो पोस्टरवर घेऊ."

सुहासिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तरातरा पुढे गेली.

"ती का रडत होती ते सांग ना, ग्रेग!"

"सुहास, प्लीज, नंतर बोलू," तो हळूच म्हणाला. "शेवटी मुलांसाठीच आहे ना हे?"

"नंतर नाही, आत्ताच!" ती लोकांकडे वळली. "पाहुणे येणार म्हणून तिच्या आईनं तिला पोटभर जेवू घातलं होतं. इस्त्रीचा पिवळा फ्रॉक घालून, नाचत आली होती पोर. 'फोटोत गरीब दिसत नाहीस, घरी जाऊन फाटका झगा घालून ये,' असं यानं सांगितलं तिला. तेव्हा रडली ती!"