ऊसगाड्या थांबल्या तेव्हा

तिसऱ्यांदा वाजवणं मधेच थांबलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने कानावरचे हेडफोन काढून मान हलवली. बाहेरच्या रस्त्याने उसाचे ट्रॅक्टर चालले होते, एकामागे एक, मोठ्याने गाणी लावून.

औंधजवळच्या या जुन्या राजवाड्यात तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत चित्रित होत होतं. तिकडून आलेले वादक संध्याकाळी परत निघणार होते. एकच रचना उरली होती. स्वतः व्हायोलिन वाजवत वाद्यवृंद चालवणारे म्हातारे संचालक खिडकीतल्या उतरत्या उन्हाकडे बघत राहिले.

रेश्मा व्हायोलिन खुर्चीवर ठेवून उठली. सगळ्यांत ती एकटीच इकडची, कोरेगावची. धावत रस्त्यावर गेली आणि पहिल्या ट्रॅक्टरपुढे हात जोडून उभी राहिली.

ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. "आवं ताई, मरायचं हाय का?"

"दादा, आत वाजवायचं शूटिंग चाललंय. गाड्यांचा आवाज त्यात शिरतोय. थोडा वेळ थांबाल का?"

"कारखान्यावरचा नंबर जाईल माजा."

खरंच होतं ते. रेश्माने जोडलेले हात खाली घेतले. ती बाजूला झाली.

ड्रायव्हर राजवाड्याकडे बघत राहिला. "पावणं लांबनं आल्याती व्हय?"

"लय लांबनं."

त्याने गाणं बंद केलं. मग इंजिन.

"बिराप्पा, काय झालं रं?" मागून कोणी ओरडलं.

"गप गड्या! आत वाजवत्यात." खाली उतरून तो एकेका ट्रॅक्टरपाशी सांगत मागे गेला.

रेश्मा आत आली आणि वाजवणं पुन्हा सुरू झालं; या वेळी कुणालाच मधे थांबावं लागलं नाही. शेवटचा सूर दरबारात विरेपर्यंत कुणी हललं नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने अंगठा वर केला, तेव्हा रेश्माचे डोळे भरून आले.

संचालकांनी आपलं व्हायोलिन उचललं आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागे सगळे निघाले. पियानोसारखा जड हार्पसिकॉर्ड तेवढा आत राहिला. व्हायोलिनसारखाच पण मोठा, बसून वाजवायचा सेलो घेतलेली बाई रस्त्यातच एका पालथ्या बादलीवर बसली, आणि तीच रचना त्यांनी ड्रायव्हरांसाठी पुन्हा वाजवली.

संपली. टाळी पडली नाही. कुणी उसावर, कुणी बांधावर, सगळे तसेच बसलेले. वादक एकमेकांकडे बघू लागले.

बिराप्पा रेश्माकडे वाकला आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला,

"ताई, आता बोललं तर चालंल?"