नऊ डब्यांचं बक्षीस

हवाबंद डबा विकत घेतला तर एकच डबा. घरी बायका जमवून डब्यांची पार्टी ठेवली तर वर एक भेटवस्तू. आणि स्वतः शंभर डबे विकले, तर नऊ डब्यांचा अख्खा सेट फुकट!

सिडकोत राहणाऱ्या संस्कृतीनं पदर खोचला आणि ती डबे विकायला निघाली. संक्रांतीचे दिवस होते, बायका डझनानं डबे उचलत होत्या. एवढे कशाला, हे विचारायचीही तिला फुरसत नव्हती. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की ती आपल्याऐवजी गंगापूरहून आलेल्या सासूबाईंना, साळूबाईंना, धाडून मोकळी व्हायची.

रथसप्तमीला शंभरावा डबा खपला. बक्षिसाचं खोकं डोक्यावर घेऊन ती जवळजवळ नाचतच घरात शिरली.

"आत्याबाई, बघा! नऊ डबे, फुकट!"

साळूबाईंनी ओट्याकडं बोट दाखवलं. तिथं अगदी तस्सेच अकरा डबे रचून ठेवले होते.

"व्हय गं, लई चांगले हायेत. अकरा घरी गेले, अकरा जणींनी वाण म्हणून ह्योच डबा दिला.



म्या घेतला नाय, इकला नाय, नुसतं कपाळ पुढं केलं!"