मुरलीची तोफ

"एक तरी ठेवा ना, काका," वरदा म्हणाली. "बाबांच्या हाताचं शेवटचं आहे हे."

बाबांचे जुने मित्र शशीकाका पेटीवरचं लिखाण वाचत होते. लेस्टरच्या त्यांच्या गॅरेजात बाकावर काडतुसांची पेटी उघडी पडली होती. घरी भरलेल्या काडतुसांच्या पेटीवर पावडर कोणती, वजन किती, गोळी कुठली, हे लिहायचं असतं. वरदाच्या बाबांनी, मुरलीधरने, जाड मार्करने एवढंच लिहून ठेवलं होतं : 'तोफ. शशीने हात लावू नये.'

"मी सगळे नाही उडवणार. पुढच्या वीकला स्कॉटलंडला जाते ना, तिथे हिलवर एकच. बाबांची रायफल, बाबांचं काडतूस. गुडबाय म्हणून."

"दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलमध्ये घालायचं नाही. सख्ख्या बापाने भरलेलं असलं तरी नाही. आणि तुझ्या बापाने भरलेलं तर मुळीच नाही."

हे उगाच नव्हतं. काडतुसात पावडर किती घालायची त्याच्या पुस्तकातली कमाल मर्यादा जिथे संपते तिथे माझी सुरुवात होते, असं मुरलीधर चारचौघांत सांगायचा. एकदा म्हणे त्याची गोळी हरणातून आरपार गेली, दरी ओलांडली, पलीकडच्या शेतकऱ्याच्या हातातला पॉरिजचा चमचा घेऊन गेली, आणि शेजारी उभी असलेली दोन हरणं निव्वळ मान राखायला म्हणून खाली बसली. शशीकाका कुठले मागे राहायला? त्यांच्या रायफलच्या बाराच्या नुसत्या धगीने पावसात भिजलेला मेंढ्यांचा कळप वाळून निघाला होता. दोघेही भूलतज्ज्ञ. जन्मभर एकाच हॉस्पिटलात माणसांना मोजूनमापून झोपवलं, आणि रिटायर झाल्यावर थापा मारून झोपवायला लागले.

पण यातली एखादी थाप खरी निघाली, तर रायफलचा बोल्ट मागे उडून वरदाच्या तोंडावर येणार होता.

काकांनी एक काडतूस, काडतुसं उघडायच्या प्लास्टिकच्या पोकळ हातोडीच्या डोक्यात अडकवलं आणि हातोडी लाकडी ठोकळ्यावर आपटली. दोन-तीन ठोक्यांत गोळी सैल होऊन निघाली, मागोमाग पावडर हातोडीच्या पोटात सांडली. वरदाने तोंड फिरवलं. काकांनी पावडर तराजूच्या पारड्यात ओतली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

पुस्तकातल्या सगळ्यात खालच्या ओळीचं वजन. नवशिक्यांनी जिथून सुरुवात करायची, ती ओळ.

एका काडतुसावरून बाकीच्यांचं ठरवता येत नाही. त्यांनी दुसरं फोडलं. मग तिसरं. मग पेटी रिकामी होईपर्यंत सगळीच. कणाचाही फरक नाही.

हे वजन काकांना तोंडपाठ होतं. गेली कित्येक वर्षं ते स्वतः हेच भरत होते, आणि मुरलीला सांगत होते की बाबा रे, आपण कधीच कमाल रेषेच्या वर गेलोय. स्कॉटलंडच्या डोंगरावर हेदरच्या झुडपांत दोघं शेजारी शेजारी पालथे पडलेले असायचे. नाकात ओल्या मातीचा वास.

"काय शशा, खांदा आहे का जागेवर?" बार झाला की मुरली विचारायचा.

"गेला कामातून," काका खांदा चोळत म्हणायचे. "तुझा?"

"माझा मागच्या वर्षीच निखळला. सवयीने लटकतोय."

दोन्ही खांदे ठणठणीत.

काकांच्या घशातून कसलासा आवाज निघाला.

"काय झालं? खूप आहे का?" वरदा बाकाच्या कडेला धरून उभी होती. "डेंजरस आहे?"

तिचे डोळे चमकत होते. गोष्टीतला चमचा उडाल्यावर थांबून, ऐकणाऱ्यांकडे एकवार बघून घेताना मुरलीचे चमकायचे तसेच.

काकांनी पारडं चटकन रिकामं केलं.

"तोफ होती गं. बरं झालं उघडली."

"मला माहितीच होतं!" ती हसली आणि लगेच नाक पुसलं. "आई नेहमी बोलायची, बाबा नुसत्या बाता मारतात."

"तुझ्या आईला रायफलमधलं काय कळतंय?"

कुठल्या डब्यातली आहे ते ठाऊक नाही अशी पावडर परत भरायची नसते. काकांनी ती बाहेर नेऊन गुलाबांच्या मुळाशी पसरली. खत म्हणून चांगली. या कामाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ त्यांनी बागेत लावला.

आत आले तेव्हा वरदा काडतुसांच्या रिकाम्या पितळी केसेस एका ओळीत मांडत होती. "केसेस तरी बाबांच्याच ठेवा. प्लीज."

काकांनी एकेक केस उजेडात फिरवून पाहिली. मग कपाटातून आपला पावडरीचा डबा काढला, आणि चिमटीने कण कण टाकत वजन केलं. अगदी मुरलीच्या काडतुसांत होतं तेवढंच, ना कमी ना जास्त.

"एवढंच?" वरदा तराजूवर वाकली.

"ही माझी भरणी. आधी शूटिंग रेंजवर उडवून बघायची, मग हिल."

"पण तुमचा बार तर... त्या मेंढ्या?"

"त्या उन्हाने वाळल्या."

"स्कॉटलंडमध्ये?"

"पडतं कधीकधी."

ती खो खो हसली. मग केसच्या तोंडातून आत डोकावली. पावडर पार तळाकडे दिसत होती.

"नाही पण काका, हे खूपच कमी आहे. बाबा हसले असते."

काकांनी केसच्या तोंडावर गोळी ठेवली आणि ती घट्ट बसवायच्या प्रेसचा दांडा सावकाश खाली ओढला.

"हसलाच असता," ते म्हणाले.