इंदुमती खंय आसा?

"बोट नेमकी केवढी होती, तेवढं तरी सांगा," सुदेशराव गाडी चालवता चालवता म्हणाले. रेडीच्या किनाऱ्यापासून त्यांनी हाच धोशा लावला होता. वेंगुर्ला मागे पडलं, मालवणचा रस्ता लागला, तरी माणूस सोडायला तयार नाही.

शेजारी दत्ताराम ताठ बसले होते. "इंदुमती ना? बेताची. पण काळीज बघशात तर आरमाराचां!"

"बोटीला काळीज?" सुदेशराव हसले. त्यांची सगळी हयात मुंबईच्या बंदरात नोकरी करण्यात गेली होती. दोडामार्गच्या काजूवाल्या व्याह्याने आपल्याला बोटीच्या गोष्टी ऐकवाव्यात, हे काही त्यांना पचत नव्हतं.

मागच्या सीटवर दत्तारामांची बायको तुळसा आणि नवी सून रिया. रिया ही सुदेशरावांची लेक. लग्नात नवऱ्याने, निलेशने, ताटातल्या तांदळांवर 'संचिता' लिहिलं होतं, पण घरात हाक अजून रियाचीच. तुळसाचाच तसा हुकूम होता. "हाकेचां नाव पुसूचां नाय गो," ती म्हणायची.

निलेशला गोव्यातल्या कामावरून सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून लेकीला भेटायला आलेल्या सुदेशरावांनीच या तिघांना किनारा दाखवायला गाडीत घातलं होतं. लग्न झाल्यापासून तुळसाने समुद्र बघितला नव्हता. पण रेडीला सगळे पाण्यात पाय बुडवून फोटो काढत असताना ती समुद्राकडे पाठ करून शेंगदाणे सोलत बसली. असतं एकेकाचं!

"बाबा, ती वादळाची गोष्ट सांगा ना," रिया सासऱ्यांना म्हणाली.

दत्तारामांनी आरशातून बायकोकडे बघितलं. निघतानाच तिने बजावलं होतं, "व्याह्यांसमोर इंदुमतीचां पुराण काढूचां नाय. तुमका माझी शपथ." पण दत्तारामांच्या पोटात ती गोष्ट राहणं म्हणजे घरात फणस पिकून वास न येणं.

"मी तेव्हा ज्वान. सिंधुदुर्ग किल्लो बघूक इललंय. परत येताना वारो असो सुटलो, काय सांगू! सुकाणू धरणारो म्हातारो तांडेल डोक्याक मार लागान आडवो. माणसां देवाक हाका मारतत, रडतत. पण इंदुमती? जरा म्हणान डगमगूक नाय! लाटेर लाट आंगार घेतल्यान आणि आमका सगळ्यांका किनाऱ्याक लावल्यान. त्या दिसापासून मी तिका सोडूक नाय."

"म्हणजे बोटीवर नोकरीला लागलात?"

"चाकरीच म्हणा."

मागे तुळसाला जोराचा खोकला आला.

"किती जुनी होती?"

"माझ्यापेक्षा दोन वर्सांनी ल्हान."

"मग एव्हाना मोडीत काढली असेल."

"मोडीत?" दत्ताराम उसळले. "तोंड सांभाळा, व्याहीबुवा!"

गाडी चहाच्या टपरीवर थांबली. तिथे सुदेशरावांनी लेकीला बाजूला घेतलं. "तुझा सासरा थापाड्या आहे गं. बोटीचं नाव सांगतो, आकार सांगता येत नाही. आता वाटतं, घराबद्दल बाकीचं सांगितलं तेवढं तरी खरं आहे का?"

दत्ताराम पाठीमागेच कप घेऊन उभे होते. सुनेसमोर आपण खोटे ठरलो, हे त्यांना फार लागलं. चहा तसाच ओतून दिला आणि म्हणाले, "मालवणच्या बंदरात जुने तांडेल आसत. विचारा कोणाकय. इंदुमती खरी नसली तर ह्या तोंडान परत गोष्ट सांगूचंय नाय."

तुळसाने हातातला कप खाली ठेवला.

मालवणच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर किल्ला. इतक्या वर्षांच्या लाटा खाऊन तट जागचा हलला नाही. बघून सुदेशरावांचीसुद्धा मान आपोआप लवली. पण पैज ती पैज. किल्ल्यावर जाणाऱ्या होडीच्या सुकाणूपाशी पांढऱ्या केसांचा तांडेल बसला होता. सगळे त्याला भाई म्हणत होते.

"भाई, इंदुमती नावाची होडी कधी होती इथे?" सुदेशरावांनी विचारलं.

भाईंनी डोकं खाजवलं. "इंदुमती नावाची होडी? माझो जल्म गेलो हयसर. अशी होडी ह्या बंदरात नाय इली."

झालं. सुदेशरावांनी नुसतं व्याह्यांच्या खांद्यावर थोपटलं. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दत्तारामांनी तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. शपथ अर्धी तर मोडलीच होती; उरलेली तरी पाळायला हवी होती. रियाने हळूच त्यांचा हात धरला. "असू दे बाबा. मला आवडते ती गोष्ट."

आवडते! खरी वाटते असं नाही म्हणाली पोरगी. दत्तारामांचे डोळे भरून आले.

तुळसाने ते बघितलं. तिने हातातली पिशवी रियाकडे दिली आणि पदर कमरेला खोचला.

पाणी चढलेलं होतं. होडी धक्क्यापासून सुटून दूर जायची, पुन्हा आपटायची. पर्यटक किंचाळत एकमेकांना धरून चढत होते. तुळसाने कोणाचा हात घेतला नाही. दोर पकडून होडी ओढली, लाट वर येऊ दिली आणि एका ढांगेत आत. मग माणसांतून वाट काढत सरळ मागच्या टोकाला गेली आणि सुकाणूवर हात ठेवला.

"भाई, सरक रे थोडो. माझ्या घोवाक किल्ल्यार मी नेतंय."

भाई तिच्या हाताकडे बघत राहिले. सुकाणू धरायची ती तऱ्हा बघून त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत लावला.

"अरे देवा! बाबल तांडेलाची लेक इंदुमती!" ते ओरडलेच. "अगो, इतकी वर्सां खंय होतंस?"