शेवटची बॅटर

“सर, केतकीले कायले पाठवता? फायनल हाय!” कठड्याजवळून पालक ओरडले. अमरावतीच्या जिल्हा बेसबॉल स्पर्धेत मुलींचा अंतिम सामना बरोबरीत होता. शेवटचा डाव, तिन्ही बेसवर शाळेच्या मुली उभ्या, आणि बॅट घेऊन निघालेल्या केतकीने वर्षभरात एकही बॉल धड मारलेला नव्हता.

“सरावाला रोज येते, तर खेळणारही,” इंगळे सर एवढंच म्हणाले.

“मार वं, पोरी!” सगळ्यांत मोठा आवाज तिच्या बाबांचाच होता. गडबडून तिने लांबून जाणाऱ्या दोन बॉलांवर बॅट फिरवली. दोन्ही हुकले. आणखी एक हुकला की ती बाद.

तिने सरांकडे पाहिलं. “लोकांचं ऐकू नको. बॉल बघ,” सर म्हणाले.

पुढचा बॉल बाहेरून गेला. तिने सोडला. त्यापुढचाही सोडला. तिसरा सोडला तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. चौथा गुडघ्याखालून गेला, तरी तिची बॅट खांद्यावरून हललीसुद्धा नाही. पंचांनी पहिल्या बेसकडे हात केला. चार वाईट बॉल सोडले की तो बेस आपोआप मिळतो! आधीच्या तिघी एकेक बेस पुढे सरकल्या, तिसऱ्या बेसवरची होमवर पोचली, विजयाची धाव मिळाली आणि शाळा जिंकली.

मैत्रिणींनी केतकीला उचलून घेतलं. बाबा धावत आले. “पण तू मारला काहून नाही वं?”

“मारण्यासारखा एक तरी होता काय, बाबा?” ती वरूनच हसत म्हणाली.