गोधडीचे चिमटे

मिस्त्रीनं स्क्रूची खाच नखानं चाचपली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि बायकोला ऐकू जाईल अशा बेतानं शीळ घातली.

वर्षभरात त्याची नजर पार गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा. बायकोला मात्र त्यानं पत्ता लागू दिला नव्हता. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. लेकीला फोन गेलाच असता. आणि लेकीनं बजावून ठेवलं होतं, "कुणाचंही काही अडलं, की घराला कुलूप लावून दोघांना घेऊन जाणार." या घरातला खिळान् खिळा त्यानं ठोकला होता. इथं तो आंधळेपणीही निभावत होता. तिकडे नुसता खाटेवर बसून मेला असता.

आज लेक येणार होती. म्हणून तर त्यानं बायकोची जुनी गोधडी भिंतीवर टांगायचं काढलं. आंधळा का असली कामं करतो?

चिमटे साधेच. दोन पट्ट्या, मधे गोधडीची कड, वरून स्क्रू आवळायचा. करवतीनं अंगठा फाडला तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. रक्त पायजम्याला पुसलं. बायको समोरच बसली होती, पण नशीब, तिचं लक्ष नव्हतं.

"अगं, सुलट बाजू कुठली?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून सुलट-उलट कळेना. ही घ्या. ही बाहेर."

त्या बाजूवर त्याच्या बोटांना तुकड्यांचे जोड लागले नाहीत. तिची बोटं तर बधिर झाली होती, शिवणकाम त्यापायीच सुटलं. पण तिचे डोळे तर शाबूत होते. ते असताना बोटांचं काय ऐकायचं? त्यानं स्क्रू आवळले. लटपटत स्टुलावर चढला आणि चिमटे खिळ्यांना अडकवले. पडलो तर सगळंच गेलं, एवढंच डोक्यात होतं.

"सरळ आहे का गं?"

"अगदी. लाल फुलं कशी उठून दिसतायत बघा."

"डोळ्यांत भरतात," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला.

लेक आली. पिशवी ठेवून भिंतीसमोर उभी राहिली.

"मी टांगली," मिस्त्री म्हणाला. "आईला विचार, लाल फुलं कशी दिसतात."

लेकीनं गोधडीची कड उचलून पाहिली.

"आई," ती हळूच म्हणाली, "फुलं तर भिंतीकडच्या बाजूला आहेत."